खापर आणि जाब

मराठीत पराभवानंतर करावयाच्या दोन गोष्टींसाठी दोन वाक्प्रचार आहेत. एक, खापर फोडणे. दुसरा, जाब विचारणे. बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी सहज वापरतो, पण त्यांच्या पोटातील अर्थ निराळे आहेत. खापर फोडायला एक डोके पुरते, आणि ते डोके हजर असलेच पाहिजे असे नाही. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर ते अधिक सहज फुटते. जाब मात्र जिवंत माणसालाच विचारता येतो. जाब म्हणजे जवाब, आणि जबाबदार म्हणजे ज्याने उत्तर द्यावयाचे तो. त्यासाठी विचारणारा कोणीतरी असावा लागतो, त्याला विचारण्याचा अधिकार असावा लागतो, आणि मिळालेले उत्तर नोंदवून ठेवणारे दफ्तर असावे लागते. खापर फुटले की विषय संपतो. जाब विचारला की तो सुरू होतो.

फसलेल्या लष्करी मोहिमांनंतर आपल्या इतिहासात काय झाले, हे या दोन शब्दांच्या उजेडात पाहावे, असे आम्हांला पुष्कळ दिवसांपासून वाटत होते. साहित्याच्या अभ्यासकांनी हा उद्योग का करावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईलच. तूर्त एवढेच म्हणतो, की जेथे राज्यसंस्थेने जाब विचारला नाही तेथे ते काम वाङ्मयाच्या गळ्यात पडले, आणि वाङ्मयाने ते आपल्या पद्धतीने केले. ती पद्धत ओळखल्याशिवाय बखर वाचता येत नाही, आणि सेनापतीचे आत्मचरित्रही वाचता येत नाही.

हा विचार आम्ही गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात करीत आहोत, त्यालाही कारण आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. धानाची शेती, तलाव आणि झाडी यांचा हा मुलूख भोसल्यांच्या नागपूर राज्याचा पूर्वेकडचा भाग होता. मराठी युद्धेतिहासाच्या ग्रंथांत त्याच्या वाट्याला जेमतेम काही ओळी येतात, आणि त्या बहुधा कामठ्याच्या असतात. (हा गोंदियाजवळचा कामठा, नागपूरजवळची लष्करी छावणीची कामठी वेगळी.) नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा हल्ला फसला. डिसेंबरात नागपूर इंग्रजांच्या हाती गेले. पुढे कैदेत पडलेले अप्पासाहेब मे १८१८ मध्ये पहाऱ्यातून निसटले आणि त्यांच्या नावाने ठिकठिकाणी उठाव झाले. कामठ्याचा जमीनदार चिमणा पाटील हा त्या उठावात उतरला. कॅप्टन गॉर्डनच्या तुकडीने कामठा घेतला, आणि जमीनदारी त्या घराण्याच्या हातून गेली.

सीताबर्डीची लढाई केव्हा करावयाची, कोणत्या बळावर करावयाची, हल्ला सुरू झाल्यावर तो आपल्या आज्ञेने चालला आहे की नाही हे कबूल करावयाचे किंवा नाही, हे सारे निर्णय नागपुरात झाले, किंवा न होता राहिले. लढाई चालू असताना दरबार एकीकडे फौज पाठवीत होता आणि दुसरीकडे रेसिडेंट जेंकिन्सकडे खेद कळवीत होता. या दुहेरीपणाचा हिशेब भोसल्यांच्या राज्यात कोणी कोणाला मागितला नाही, कारण मागणारे कोणी उरलेच नव्हते. गादीवर एक अल्पवयीन मुलगा बसवला गेला आणि कारभार रेसिडेंटच्या हाती गेला. अप्पासाहेब भटकत भटकत शेवटी जोधपूरच्या आश्रयाला गेले आणि १८४० मध्ये तेथेच वारले. किंमत मोजली ती कामठ्यासारख्या ठिकाणांनी. विजेत्यांच्या दफ्तरात चिमणा पाटील बंडखोर म्हणून नोंदला गेला, आणि पराभूतांकडे त्याची नोंद ठेवायला दफ्तरच नव्हते.

ही केवळ एका पडत्या राज्याची अगतिकता होती काय? आम्हांला तसे वाटत नाही. मराठी सत्ता ऐन भरात असतानाही तिच्याजवळ जाब विचारण्याची यंत्रणा नव्हती. याचा सर्वांत मोठा पुरावा पानिपत होय.

१४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव रणात पडले. त्यानंतर दक्षिणेत आलेला तो प्रसिद्ध निरोप वाचकांना आठवत असेलच: मोत्ये गळाली, मोहरा हरवल्या, आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, अशा आशयाचा. त्या निरोपाची भाषा पेढीवरची आहे. सरदार आणि शिपाई यांचे मोल नाण्यांच्या प्रतवारीने सांगितले आहे, आणि सर्वांत हलके नाणे मोजण्याच्याही पलीकडे गेले आहे. पण या पेढीची वही पुढे कोणी उघडलीच नाही. नानासाहेब पेशवे २३ जून १७६१ रोजी वारले. भाऊ मदतीची वाट पाहत असताना, डिसेंबर १७६० अखेर, ते पैठणला स्वतःच्या नव्या लग्नात होते, ही गोष्ट इतिहासकारांनी पुष्कळदा नोंदविली आहे. ज्याला सर्वांत आधी विचारावयाचे तोच, म्हणजे राज्याचा मुख्य, प्रश्न उभा राहण्यापूर्वी निघून गेला.

मागे राहिले मल्हारराव होळकर. रणातून ते आपल्या फौजेनिशी बाहेर पडले. त्यांचे हे निघणे शहाणपणाचे होते, ठरलेले होते, की विश्वासघाताचे होते, यावर आजही मराठी घरांतून वाद होतात. वाद होतात याचाच अर्थ असा, की त्या वेळी निर्णय झाला नाही. तरुण माधवरावांना होळकरांची फौज हवी होती. तिच्यावाचून उत्तर हिंदुस्थानात पाऊल टाकता येत नव्हते. ज्या सरदाराची उद्या गरज आहे त्याला काल काय केलेस असे विचारता येत नाही. मल्हारराव २० मे १७६६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, राज्याचे आधारस्तंभच राहिले.

राज्याने न विचारलेला प्रश्न मग बखरीने विचारला. ‘भाऊसाहेबांची बखर’ हा मराठी गद्याचा ठेवा आहे, यात शंका नाही. पण तिला न्यायनिवाडा म्हणून वाचले तर काय दिसते? भाऊंचा ताठा; वडीलधाऱ्यांचा सल्ला धुडकावणे; बायकामुले आणि जड तोफखाना मागे ठेवावा हा सूरजमल जाटाचा आणि मल्हाररावांचा विचार न मानणे. दुसऱ्या बाजूला नजीबखान जिवंत राहिला तरच पेशव्यांना आपली गरज राहील, हा मल्हाररावांचा हिशेब. आणि या साऱ्यावर नियतीची सावली. दोष स्वभावात, मत्सरात आणि दैवात वाटून टाकला गेला आहे. पैसा का पोचला नाही, रसद कोणी तोडू दिली, पेशव्यांनी निघायला उशीर का केला, हे प्रश्न त्या कथेत मागे पडतात. कथेला पात्रे लागतात. जमाखर्चाला पात्रे लागत नाहीत. बखरकाराचा हा दोष म्हणता येणार नाही. तो कथाकार होता, आणि त्याच्यावर न्यायाधीशाचे काम येऊन पडले होते.

रघुनाथ यादवाने लिहिलेली पानिपतची बखर गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून झाली, असे परंपरेने सांगितले जाते. गोपिकाबाई म्हणजे विश्वासरावांच्या मातोश्री. ही परंपरा खरी धरली तर मोठी विलक्षण गोष्ट ठरते: एवढ्या मोठ्या राज्यात काय घडले ते लिहून द्या, असे म्हणणारी व्यक्ती एक आई होती. तिचा मागण्याचा हक्क कोणत्याही दरबारी पदातून आलेला नव्हता.

पुण्यात या प्रकरणी एक चौकशी मात्र कसून झाली, आणि ती पाहिली की आमचे म्हणणे अधिक स्पष्ट होते. भाऊंचे प्रेत नक्की कोणते, याबद्दल लोकांच्या मनात संशय राहिला होता. त्या संशयातून भाऊंचा तोतया निर्माण झाला. तो पकडला गेला, रत्नागिरीस कैदेत राहिला, १७७६ मध्ये सुटून त्याने कोकणात मोठे बंड उभारले, आणि त्याच वर्षाअखेर पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावरचे. हा माणूस खरा भाऊ आहे की खोटा, हे ठरविण्यासाठी पुणे दरबाराने पंच बसवले आणि पुरावा पाहिला. खरा भाऊ पानिपतावर का हरला हे ठरविण्यासाठी मात्र पंच बसले नाहीत. पहिल्या प्रश्नात गादीला धोका होता. दुसऱ्याच्या उत्तरातही धोका होता, म्हणून तो न विचारलेलाच बरा होता.

आता दुसरे चित्र. पानिपतानंतर अठरा वर्षांनी पुण्याच्या दारात एक मोहीम फसली, पण ती आपली नव्हती, इंग्रजांची होती. रघुनाथरावांना गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी नोव्हेंबर १७७८ मध्ये सुमारे ३९०० लोकांची फौज घाटाकडे धाडली. तिच्याबरोबर ओझ्याचे बैल १९ हजारांच्या घरात होते. फौजेवर एक सेनापती नव्हता. कर्नल एगर्टन, जॉन कार्नाक आणि थॉमस मॉस्टिन अशी तिघांची समिती होती. मॉस्टिन आजारी होऊन परतला आणि १ जानेवारी १७७९ रोजी वारला. एगर्टनची प्रकृती ढासळली आणि त्याने सूत्रे लेफ्टनंट कर्नल कॉकबर्नकडे दिली. घाट चढल्यावर फौज दिवसाला जेमतेम दोन मैल सरकत होती. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. शत्रूचा असूनही त्याच्या शौर्याने मावळातले लोक इतके भारावले, की ‘इष्टुर फाकडा’ या नावाने तो त्यांच्या बोलण्यात राहिला आणि वडगावला त्याची समाधी झाली. ९ जानेवारीस फौज तळेगावास पोचली तेव्हा गाव जाळून मोकळे केलेले होते. पुणे अवघे अठरा मैल राहिले असता ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून, सामान जाळून माघार सुरू झाली. महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांच्या फौजांनी त्यांना वडगावाशी कोंडले, आणि जानेवारीच्या मध्यास साष्टी वगैरे सर्व मुलूख परत देण्याचा नामुष्कीचा तह इंग्रजांना करावा लागला.

आपल्या पाठ्यपुस्तकांत हा धडा येथे संपतो. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते यानंतरचे. मुंबईच्या कौन्सिलात टिपणांवर टिपणे लिहिली गेली. कलकत्त्याने तह नाकारला. सर्व कागद लंडनला गेले आणि कंपनीच्या संचालकांनी कार्नाक, एगर्टन आणि कॉकबर्न या तिघांना नोकरीतून काढून टाकले. माघारीच्या वेळी पिछाडी सांभाळून फौजेचा संपूर्ण नाश टाळणारा कॅप्टन हार्टली याला मुंबईने एकदम लेफ्टनंट कर्नल केले. वरिष्ठतेवरून कुरबुरी झाल्या, आणि संचालकांनी त्याची पुढची वाट अडवली, हेही खरे. म्हणजे तेथेही न्याय निर्मळ नव्हता. पण कोणी काय ठरवले, कोणी कोणता सल्ला दिला, कोणी विरोध नोंदवला, हे कागदावर होते, आणि त्या कागदांकडे पाहून निर्णय घेणारे एक मंडळ होते.

येथे इंग्रजांचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. कंपनी हे दुकान होते. दुकानात खोट आली की वही उघडावीच लागते. संचालकांचा सवाल ‘हरलात का?’ एवढाच होता. ‘दुसऱ्याच्या घरात गेलात का?’ हा नव्हता. शिवाय शिक्षा झाली ती रणात असलेल्यांना. मोहिमेचा आग्रह धरणाऱ्या मुंबई कौन्सिलचा अध्यक्ष, गव्हर्नर विल्यम हॉर्नबी, १७८४ पर्यंत आपल्या खुर्चीत राहिला. मे १७८२ मध्ये ब्रिटिश लोकसभेने हॉर्नबी आणि वॉरन हेस्टिंग्ज या दोघांना परत बोलवावे असा ठराव केला, पण त्या ठरावाने तत्काळ कोणीही खुर्चीवरून उठले नाही. पुढे हेस्टिंग्जवर १७८८ पासून १७९५ पर्यंत महाभियोग चालला, आणि तो निर्दोष सुटला. तात्पर्य, यंत्रणा असूनही दोष खाली लवकर उतरला आणि प्रश्न वर फार हळू चढला. तरीही तो चढला. पुणे आणि नागपूर येथे तर चढायला शिडीच नव्हती.

नागपूरचे नाव आम्ही मुद्दाम घेतो आहोत. वडगावच्या त्याच वर्षी नाना फडणिसांनी इंग्रजांविरुद्ध मोठी फळी उभी केली. हैदरअलीने मद्रासवर, निजामाने आंध्र किनाऱ्यावर, आणि नागपूरच्या मुधोजी भोसल्यांनी बंगालवर चालून जावे, असा बेत होता. १७७९ च्या दसऱ्याच्या सुमारास मुधोजींचा पुत्र खंडोजी ऊर्फ चिमणाबापू तीस हजारांची फौज घेऊन पूर्वेकडे निघाला. आजचा गोंदिया जिल्हा नागपूर आणि छत्तीसगड यांच्या मध्ये पडतो. भोसल्यांच्या पूर्वेकडील साऱ्या हालचालींना ही झाडी जवळची होती. फौज कटकला पोचली ती मे १७८० मध्ये! वडगावकडे सरकणारी इंग्रजांची फौज संथ होती असे आपण हसून सांगतो. या फौजेचा संथपणा मात्र आजारातून किंवा अननुभवातून आला नव्हता. मुधोजींना पुण्याची मर्जी राखावयाची होती आणि कलकत्त्याशी लढावयाचे नव्हते. हेस्टिंग्जने ते ओळखले. १७८१ मध्ये १३ लाख रुपये देऊन त्याने ही स्वारी थोपवली, आणि कर्नल पिअर्सची पलटण भोसल्यांच्याच ओरिसातून हैदरविरुद्ध निर्वेध दक्षिणेत गेली.

ही मोहीम फसली, का फसवली गेली? नागपूरच्या दृष्टीने पाहिले तर ती यशस्वीच झाली: एकही लढाई न करता पैसा मिळाला आणि दोन्ही घरची मैत्री टिकली. पुण्याच्या दृष्टीने ती ठरलेल्या बेताची राखरांगोळी होती. नानांना ते कळत नव्हते असे नाही. पण भोसले हे सेनासाहेब सुभा; त्यांना जाब विचारणार कोण, आणि कोणत्या कचेरीत? मराठी राज्याला संघराज्य म्हणण्याची रीत आहे. त्याचा एक अर्थ असा, की प्रत्येक सरदार आपल्या आपल्यापुरता धनी होता आणि सर्वांना मिळून उत्तर मागणारे ठिकाण कोठेच नव्हते. १८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगड येथे भोसले हरले, तेव्हा देवगावच्या तहाने गेलेल्या मुलखांत तेच कटक होते, जेथे चिमणाबापूची फौज हातावर हात ठेवून बसली होती. आणि १८१७ मध्ये सीताबर्डीवर नागपूर एकटे लढले, तेव्हा मागून येणारे कोणी नव्हते. कामठ्याचा चिमणा पाटील या लांबलचक न विचारलेल्या प्रश्नाच्या शेवटच्या टोकाला उभा होता.

कोणी म्हणेल, हे सारे सरंजामी काळाचे; स्वतंत्र भारतात संसद आहे, तेथे असे होणार नाही. म्हणून १९६२ कडे वळू. त्या प्रकरणात मराठी माणसे दोन्ही टोकांना आहेत. पूर्व विभागाचे सेनापती लेफ्टनंट जनरल शं. पां. पा. थोरात यांनी ऑक्टोबर १९५९ मध्येच ईशान्य सीमेच्या संरक्षणाचा आराखडा वर पाठवला होता. प्रत्यक्ष सीमारेषेवर दुबळी ठाणी विखरून न ठेवता मागे, रसद पोचेल अशा ठिकाणी ठाम उभे राहावे, हे त्याचे सार. मार्च १९६० मध्ये त्यांनी लखनौस ‘लाल किल्ला’ नावाचा सराव घेऊन आपले म्हणणे दाखवूनही दिले. पुढे काय झाले ते थोरातांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे: संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना त्यात अनावश्यक भीती दिसली, आणि तो कागद पंतप्रधानांसमोर आला तो पराभवानंतर. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले. ऑक्टोबर १९६२ मध्ये ब्रिगेडियर जॉन दळवी यांची सातवी ब्रिगेड न्यामका चू या ओढ्याच्या काठी, हिवाळी कपड्यांवाचून आणि तुटपुंज्या दारूगोळ्यावर, चिनी फौजेसमोर उभी होती. जागा त्यांनी निवडली नव्हती. आज्ञा वरून आली होती. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला, ब्रिगेड मोडली आणि दळवी कैद झाले.

मेनन गेले. सरसेनापती थापर आणि कोअर कमांडर कौल यांनी राजीनामे दिले. यशवंतराव चव्हाण नोव्हेंबरात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असे महाराष्ट्र अभिमानाने म्हणू लागला. नवे सरसेनापती जनरल चौधरी यांनी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांची चौकशी नेमली. तिच्यापुढे ठेवलेले विषय पाहण्यासारखे आहेत: प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, आज्ञापद्धती, सैनिकांची शारीरिक क्षमता, आणि निरनिराळ्या पातळ्यांवरील सेनानींची कुवत. सेना-मुख्यालयाचे आणि मंत्रालयाचे निर्णय या चौकटीबाहेर राहिले. म्हणजे ओढ्याच्या काठी काय झाले ते विचारावयाचे. ओढ्याच्या काठी कोणी पाठवले ते नाही. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत अहवालाचा सारांश सांगितला. तो संयत होता. खचलेल्या सेनेला पुन्हा उभे करण्याची निकड त्यांच्यापुढे होती आणि ते काम त्यांनी केले, हे कोणीही नाकारणार नाही. पण अहवाल कपाटात गेला. १९६२ चा पत्रकार-इतिहासकार नेव्हिल मॅक्सवेल याने २०१४ मध्ये त्याचा मोठा भाग जगापुढे ठेवला, तेव्हाही सरकारने तो अधिकृतपणे खुला केला नाही.

मग पुन्हा तेच झाले जे पानिपतानंतर झाले होते: वाङ्मय उभे राहिले. कौल यांनी १९६७ मध्ये आपली बाजू पुस्तकरूपाने मांडली. दळवींचे ‘हिमालयन ब्लंडर’ १९६९ मध्ये आले. थोरातांचे आत्मचरित्र पुढे आले. चव्हाणांच्या त्या काळातील कामाचा वृत्तान्त त्यांचे खाजगी सचिव राम प्रधान यांनी लिहिला. हेच राम प्रधान पुढे, २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर, राज्य सरकारने नेमलेल्या उच्चस्तरीय चौकशी समितीचे अध्यक्ष झाले. ही सारी पुस्तके आम्ही एका जुन्या मराठी शब्दाखाली ठेवू इच्छितो: कैफियत. कैफियत म्हणजे वादात एका पक्षाने लिहून दिलेली हकीकत. तीत खोटे असेलच असे नाही. पण ती एका बाजूची असते, आणि ती निवाड्यासाठी लिहिलेली असते. आपल्याकडे कैफियती दाखल होत गेल्या. निवाड्याचा कागद तेवढा त्या फडताळात नाही.

आमच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत हा प्रश्न ग्रंथालयापुरता नाही. शेजारच्या गडचिरोलीत एकट्या २००९ साली मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी येथे अनुक्रमे पंधरा, सोळा आणि सतरा पोलिस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ पंधरा जवान आणि त्यांचा वाहनचालक सुरुंगाच्या स्फोटात गेले. ते सैनिक नव्हते, पोलिस होते. पण मोहिमेवर गेलेल्या आणि न परतलेल्या माणसाच्या घरात हा फरक फारसा शिल्लक राहत नाही. अशा घटनेनंतर एक वाक्य वर्तमानपत्रांतून हटकून वाचायला मिळते: ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही. ते वाक्य कधी कधी खरेही असेल. पण त्याचे व्याकरण तपासावे. कर्मणी प्रयोगामुळे न पाळणारा कर्ता त्यातून गळून पडतो, आणि मग ऐकणारा तो कर्ता स्वतःच भरतो. बहुधा त्या वाटेने गेलेल्या, म्हणजे आता उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसाच्या नावाने. भाऊंचेही असेच झाले होते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना यातून काही करण्याजोगे आहे, असे आम्हांला वाटते. आपण बखर शिकवताना तिची भाषा शिकवतो, तिच्यातील रसपरिपोष दाखवतो, फार तर ती इतिहास म्हणून किती विश्वसनीय आहे याची चर्चा करतो. त्याबरोबर एक प्रश्न वर्गात विचारावा: या कथेत दोष कोणाकडे जातो, आणि तो ज्याच्याकडे जातो तो माणूस कथा लिहिली जाताना जिवंत होता का? दुसरा प्रश्न: या पानांत पैसा, रसद आणि आज्ञापत्रे यांना किती जागा आहे, आणि स्वभावाला किती? त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपतावर लिहिताना नेमके हेच केले. भाऊंच्या ताठ्याची कथा बाजूला सारून त्यांनी मोहिमेचे राजकारण आणि तिची व्यवस्था यांकडे पाहिले, आणि दोनशे वर्षे एकाच डोक्यावर फुटत आलेल्या खापराचे तुकडे उचलून ते कोणकोणत्या घरचे आहेत ते दाखवले. त्यांचे सर्व निष्कर्ष मान्य असोत वा नसोत, मेलेल्या माणसाची बाजू ऐकून घेण्याची ती रीत शिकण्यासारखी आहे.

असो. पराभव कोणालाही चुकलेला नाही, आणि प्रत्येक पराभवामागे अपराधी असतोच असेही नाही. काही मोहिमा सर्वांनी आपापले काम नीट करूनही फसतात. चौकशीचा उपयोग तेही सांगण्यासाठी असतो. निर्दोष माणसाला निर्दोष म्हणणारा कागद हासुद्धा जाब विचारूनच मिळतो. तो मिळाला नाही म्हणून मल्हाररावांवरचा संशय अडीचशे वर्षे फिटला नाही, आणि भाऊंची बाजू मांडायला शेजवलकर यावे लागले. कामठ्याच्या चिमणा पाटलाला तर बखरकारही मिळाला नाही.